कोरा हात

१

गोड वासाचे परफ्यूम लावणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मी ते बनवते, त्यामुळे मला तसं म्हणायचा हक्क आहे. ही माणसं साखर सोडतात, लोणी सोडतात आणि मग मानेवर केक लावून हिंडतात. वर मलाच विचारतात, तुमच्या कॅरमेलमध्ये साय जरा कमीच वाटते, असं का? आमचा कारभार छोटा आहे. मी, माझी धाकटी बहीण आणि घराच्या मागच्या अंगाची एक खोली. तिथे पूर्वी स्वयंपाकघर होतं. आता ओट्यावर वजनाचा काटा, तपकिरी बाटल्या आणि ड्रॉपर असतात, आणि भिंतीतला हवा बाहेर फेकणारा पंखा दिवसभर घरघरत असतो.

खाऊचा वास बनवायला गोड वस्तू कमी आणि ओंगळ वस्तू जास्त लागतात, हे गिऱ्हाइकांना सांगायची सोय नाही. नुसतं व्हॅनिला आणि साखर एकत्र केली तर प्लास्टिकच्या बाहुलीचा वास येतो. लोणी खरं वाटायला हवं असेल तर चक्क ओकारीचा वास असलेल्या एका द्रवाचा अंश घालावा लागतो. तो पुरेसा पातळ केला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. जगाबद्दल माझं जे काही मत आहे ते या बाटलीमुळे झालंय.

खरी परीक्षा असते ती कातडीवर. आमची जळकी साखर लावल्या लावल्या संत्र्याच्या सालीसारखी नाकात शिरते. मग साल उडून जाते आणि साखर वितळून कडवट होते. दुपारपर्यंत तिच्याखालून साय वर येते. संध्याकाळी फक्त तळाचा वास उरतो, किंचित खारट, किंचित लाकडाचा. कुणाच्या अंगावर ती छान फुलते, कुणाच्या अंगावर औषधी सिरपसारखी लागते. म्हणून परीक्षेचं माणूस एकच ठेवावं लागतं, आणि ते माणूस म्हणजे माझी बहीण, बारकी. माझ्या स्वतःच्या हातात इतके वास मुरलेत की त्यावर नवीन काही कळतच नाही.

आमची पद्धत ठरलेली होती. परफ्यूम बारकीच्या उजव्या मनगटावर लावायचा आणि डावं मनगट कोरं ठेवायचं. हुंगून हुंगून नाक बधिर झालं की मी तिच्या कोऱ्या मनगटाला नाक लावायची, तिच्या साध्या कातडीचा वास घ्यायची आणि नाक ताळ्यावर यायचं. दुसरे लोक यासाठी कॉफीच्या बिया ठेवतात. मला बारकीचा हात पुरायचा. त्या हाताला क्रीम नाही, वासाचा साबण नाही, काही नाही. ती म्हणायची, ताईने माझा अर्धा देह सरकारजमा केलाय.

तर या बारकीचं लग्न ठरलं होतं, एका दातांच्या डॉक्टरशी. पहिल्या भेटीत तो म्हणाला की वासानं दात किडत नाहीत हे माझं दुर्दैव, आणि बारकी नको तितकी हसली. आई गेली तेव्हा बारकीला नीट चालताही येत नव्हतं. तिला मी वाढवलं. आता ती जाणार होती आणि तिच्याबरोबर तिचे दोन्ही हात. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. त्यातलं जास्त काय होतं, ते मी कधी तपासून पाहिलं नाही.

२

त्या दिवशी नवं कस्टर्ड होतं. सकाळी बारकीच्या उजव्या मनगटावर एक फवारा मारला आणि ती बाटल्यांना लेबलं चिकटवत बसली. पहिला वास हवा तसा आला, लिंबाची साल आणि अंड्याचा बलक. मग त्यात दूध उतरायला लागलं. मी मधूनमधून हुंगत होते. नाक थकलं तेव्हा सवयीने तिचा डावा हात ओढला आणि मनगटाला नाक लावलं.

डाव्या मनगटाला पातेल्याच्या तळाशी लागलेल्या दुधाचा वास येत होता.

तो वास उजव्या हाताला संध्याकाळी यायचा होता. मीच तो तसा बसवला होता. मी तिला विचारलं, हातावर हात घासलास का? तिने लेबलावरून मान वर न करता मलाच विचारलं, मी काय आज पहिल्यांदा बसलेय का? तेही खरं होतं. आणि समजा घासला असता, तरी मनगटाला लिंबू आणि दूध लागलं असतं. जे अजून उजव्या हातावर आलेलंच नाही ते डाव्या हातावर कसं लागणार?

पण माणूस स्वतःची समजूत काढण्यात मोठा पटाईत असतो. वास उडतो, बाहीला धरतो, माझ्याच नाकात मागच्या कामाचा राहिलेला असतो. मी तिला डावा हात कोपरापर्यंत धुवायला लावला. एक हात टेबलाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला ठेवून तिला बसवलं. ती म्हणाली की आता फक्त फोटो काढायचा राहिलाय. मी पुन्हा डाव्या मनगटाला नाक लावलं. लागलेलं दूध तिथेच होतं आणि आता त्यावर जायफळही होतं. मी कस्टर्डमध्ये जायफळ घातलंच नव्हतं.

संध्याकाळी उजवा हात लागलेल्या दुधापाशी पोचला. चांगलाच होता, पण जायफळाशिवाय, आणि डाव्यापुढे अगदीच पाणचट. तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. मला वाटला तो मत्सर. माझ्याच खोलीत, माझ्याच बहिणीच्या हातावर कुणीतरी माझ्यापेक्षा सरस काम करून ठेवलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी मी कस्टर्डमध्ये जायफळ घातलं. इतकं कौतुक आमच्या कुठल्याच बाटलीचं आजवर झालं नव्हतं. एका बाईने लिहिलं की हा वास लावून ती रडली. मीही ते वाचून जरा मऊ झाले, हे कबूल करते.

मग चॉकलेट केक आला, बदामाची बिस्किटं आली, नाशपाती घातलेला टार्ट आला. दर वेळी तेच व्हायचं. मी उजव्या हातावर फवारा मारायची आणि दुपार व्हायच्या आत डावा हात पुढे निघून गेलेला असायचा. केकच्या खाली ओव्हनच्या तापलेल्या पत्र्याचा वास असावा हे मला सुचलं नव्हतं, त्याने सुचवलं. बिस्किटांच्या तळाशी थोडा धुळीचा, कपाटाच्या फळीचा वास हवा, हेही त्यानेच. मी निमूटपणे नक्कल करत गेले. कुणाची करतेय, हे विचारायची वेळ आली की मी रक्ताभिसरण वगैरे शब्द काढायची. उजवीकडचं डावीकडे जात असेल. शरीरात काय काय चालतं ते आपल्याला थोडंच ठाऊक असतं?

बारकीला मात्र ते आवडेनासं झालं. एकदा मी तिचा डावा हात धरला तर तो नळाखाली धरल्यासारखा गार होता. पंख्यामुळे असेल, असं मी म्हणाले. तिने हात काढून घेतला आणि ओढणीने मनगट पुसलं.

"ताई, तू हुंगतेस तेव्हा तुझा श्वास गरम लागतो," ती म्हणाली. "दुसरा गार लागतो."

"दुसरा कुठला?"

"तू यायच्या आधी लागतो तो. मग मनगट ओलं होतं."

मी हसले. लग्न ठरलेल्या मुलींना असं होतं, असं काहीतरी बोलले, जे मला कुणी म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. डॉक्टर संध्याकाळी आला तेव्हा तिने त्यालाही सांगितलं. त्याने तिचा हात दोन्ही तळव्यांत धरून चोळला, तिच्या मानेशी वाकून खोल श्वास घेतला, ही त्याची रोजची सवय, आणि लोहाच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या. जाताना मला म्हणाला, "ताई, तुम्ही एवढे वास बनवता, पण हिच्या मानेला येतो तसा एकही नाही."

तो हे कौतुकाने म्हणाला. माझ्या मनात मात्र ते घर करून बसलं.

४

बारकीचा स्वतःचा वास मला तोंडपाठ होता. तान्ही होती तेव्हा मी तिला खांद्यावर घेऊन झोपवायची. मानेच्या वळीत कोमट दुधाचा, केसांच्या मुळाशी उन्हात तापलेल्या कापडाचा, आणि त्याखाली काहीतरी किंचित आंबूस, साल काढलेल्या सफरचंदासारखं. मोठी झाली तरी तो वास बदलला नाही, फक्त खाली गेला. ती घरात आली की चपलांच्या आवाजाआधी मला तो कळायचा.

लग्न जवळ आलं तेव्हा मी दुधाच्या सायीवर काम करत होते. एका दुपारी कोऱ्या हाताने साय मागे टाकली आणि कोमट दूध पुढे केलं. दुसऱ्या दिवशी त्यात तापलेलं कापड आलं. मी ओळखलं. तिच्याच मनगटाला तिचाच वास येतोय यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. पण तो नुसता कातडीचा वास नव्हता. तो रचलेला होता. पहिला वास, मधला, तळाचा, सगळं उलगडून, एकेक करून माझ्यापुढे मांडलेलं. इतकी वर्षं ज्याची नक्कल करायची माझी हिंमत झाली नाही, ते मला पायरीपायरीने शिकवलं जात होतं.

आणि मला ते हवं होतं. ती गेली तरी बाटली माझ्याकडे राहणार होती.

बारकीने स्पष्ट सांगितलं की तिला आता बसायचं नाही. तिला सारखी झोप येत होती, चव लागत नव्हती, आणि आरशासमोर गेलं की आपण नुकतेच तिथून उठून गेलोय असं तिला वाटायचं. मी म्हणाले, एवढं एक होऊ दे, मग तुला कधी बोलावणार नाही. ती बिचारी बसली. मोठ्या बहिणीचा शब्द मोडायची तिला सवयच नव्हती.

त्या दुपारी मी बाजूच्या खोलीतून मोकळ्या बाटल्या घेऊन आले आणि दारातच थांबले. बारकी खुर्चीत मान टाकून झोपली होती. डावा हात खुर्चीच्या हातावरून खाली लोंबत होता. पंखा बंद होता. खोलीत काहीच हलत नव्हतं, फक्त तिच्या मनगटावरची बारीक लव हलत होती. ती सगळी एका बाजूला ओढली जात होती, सावकाश, खूप लांब श्वास घ्यावा इतका वेळ. मग सैल पडत होती. मग पुन्हा ओढली जात होती. आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे मी नाक लावायची नेमकी तिथे, कातडी बोटाच्या पेराएवढी आत दबलेली होती.

बारकीचा स्वतःचा श्वास वेगळ्या लयीत चालला होता. मी दोन्ही ऐकले.

मी तिला हाक मारली नाही. हाक मारली असती तर ते थांबलं असतं, आणि अजून सफरचंद यायचं होतं.

५

सफरचंद त्याच संध्याकाळी आलं. मी ते घातलं, बाटली हलवली आणि बारकीच्या उजव्या मनगटावर फवारा मारला. पहिल्यांदाच दोन्ही हात सारखे झाले. मी कधी या मनगटाला, कधी त्या मनगटाला नाक लावत होते आणि मला फरक सांगता येत नव्हता. डोळे भरून आले. बारकीला म्हणाले, बघ, ही तू आहेस. तिने बाटली नाकाशी नेली आणि म्हणाली की तिला कसलाच वास येत नाही.

सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा मी तिला पाहून दचकले. ती आल्याचं मला कळलंच नव्हतं. मी तिचा डावा हात धरला. कोरा होता. कोरा म्हणजे साध्या कातडीचा वासही नाही, झोपेचा नाही, घामाचा नाही. उजव्या हातावर रात्रभरात तळाचा वास उरायला हवा होता, पण तिथे काल फवारलं तसंच्या तसं सगळं बसलं होतं. मी तिचा चेहरा धरून मानेत नाक खुपसलं, केसांत खुपसलं. ती गुदगुल्या झाल्यासारखी हसली आणि मग माझ्याकडे बघून हसायची थांबली.

माझं नाक गेलं असेल, असं मी तिला सांगितलं. सर्दी होतेय. ती अंघोळीला गेली तेव्हा मी एकेक बाटली उघडून हुंगली. नाक शाबूत होतं.

तेव्हा कुठे माझं धाबं दणाणलं. मी ती बाटली मागच्या खोलीतल्या मोरीत ओतली, वर बादलीभर पाणी टाकलं, मिश्रणाचे सगळे उरलेसुरले थेंबही धुऊन काढले. खिडकी उघडली. ओट्याकडे तोंड करून उभी होते आणि पाठीमागे बारकी येऊन उभी राहिली. कोमट दूध, तापलेलं कापड, सफरचंद. मला इतकं हायसं वाटलं की वळायच्या आधीच मी बोलून गेले, "आलीस का गं? घाबरवलंस मला."

तेवढ्यात न्हाणीघरातून बारकीने हाक मारली, ताई, टॉवेल दे ना.

माझ्या मागे कुणीतरी लांब श्वास घेतला. मी वळले तेव्हा खोली रिकामी होती. फक्त खुर्ची ओट्याकडे वळलेली होती, आणि वास दारातून पुढच्या खोल्यांकडे निघाला होता, अगदी घरच्या माणसासारखा, सावकाश.

६

पुढचे दिवस घरात आम्ही तिघी असल्यासारखे गेले. मी जिन्यात बारकीला ओलांडायची आणि वर गेल्यावर बारकी पलंगावर बसलेली सापडायची. तिच्या उशीला तिचा वास होता, पण ती निजायची त्या बाजूला नाही, भिंतीकडच्या. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? ती विचारायची, ताई, सर्दी गेली का? मी नाही म्हणायची.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टर आला. आम्ही दोघी पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत बसलो होतो. तो नेहमीप्रमाणे मागच्या गल्लीतून आला असावा, कारण दार वाजल्याचा आवाज मागून आला आणि मग त्याचं बोलणं. हळू आवाजात, हसत, मध्ये थांबत, दुसऱ्याचं ऐकून घेतल्यासारखं. पलीकडून मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

बारकीने हातातला कपडा खाली ठेवला. "ताई, तो कुणाशी बोलतोय?"

मी उठले. तिने माझा हात धरला आणि आम्ही दोघी मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो.

तो आमच्याकडे अर्धी पाठ करून उभा होता, डोळे मिटलेले, मान खाली वाकवलेली, बारकीच्या मानेशी वाकायचा तितकीच. त्याचे हात समोर गोल धरलेले होते आणि मधे काही नव्हतं. पण छातीवरचा त्याचा शर्ट दबून सपाट झाला होता. दूध आणि सफरचंदाच्या वासाने खोली भरून गेली होती. पावलांचा आवाज ऐकून तो डोळे न उघडता पुटपुटला, "सोड आता, ताई आल्या वाटतं."

"अहो," बारकी म्हणाली.

त्याने डोळे उघडले. आम्हाला दोघींना दारात पाहिलं, आपले रिकामे हात पाहिले आणि ते झटकन खाली घेतले. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, तरी तो हसायचा प्रयत्न करत पुढे आला. समंजस माणूस होता. त्याने बारकीला जवळ घेतलं आणि तिच्या मानेशी वाकून खोल श्वास घेतला. बराच वेळ तो तसाच वाकलेला राहिला. एकदा जागा बदलून पाहिली, कानामागे, मग केसांत. मग त्याने मान वर केली आणि वळून मागे, रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

बारकीने ते पाहिलं. तिने त्याच्या मिठीतून स्वतःला सोडवून घेतलं आणि माझ्याकडे वळली. ती रडली नाही. खूप हळू आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून, तिने विचारलं, "ताई, ती माझी बाटली कुठंय? थोडंसं लावते."

"शोधते," मी म्हणाले.